कैरीने काळी पडलेली सुरी

एकदा एका वृद्ध वैद्यांना आपल्या शिष्याचा विलक्षण वैताग आला. खरे तर हे वैद्य शांत स्वभावाबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. पोट दुखते म्हणून आलेला रोगी आधी सुनेची तक्रार सांगे, मग भावकीतली भांडणे, मग बैलाचे लंगडणे, आणि शेवटी कुठे पोटावर येई. वैद्य तोवर भुवईही न हलवता ऐकून घेत. अशा माणसाचा संयम शिष्याने संपवला, आणि तोही एका सुरीपायी.

डोंगराच्या पायथ्याशी वैद्यांचे गुरुकुल होते. उन्हाळ्यात वनस्पतींचे सारे बळ मुळांत आणि सालींत एकवटते, अशी त्यांच्या परंपरेची धारणा होती. म्हणून दर वैशाखात गुरुकुलातली मंडळी वरच्या पठारावर जात, उघड्यावर मुक्काम करीत, आणि वर्षभर पुरतील इतकी मुळे आणि साली घेऊन उतरत. या पदयात्रेचा एक दंडक होता. सगळ्यांत मिळून सुरी एकच न्यायची, आणि ती ज्याच्या कमरेला, त्याने सर्वांचे पाहायचे. कोणते मूळ काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे त्याने ठरवायचे. कोणाच्या टाचेतला काटा काढायचा, कांदा चिरायचा, गाठोड्याचा दोर तोडायचा, हेही त्यानेच करायचे. सुरीही त्याने स्वतःच निवडायची, आधीच्या माणसाची घ्यायची नाही.

आजवर ती सुरी वैद्यांच्या कमरेला होती. मागच्या उन्हाळ्यात मात्र अर्ध्या चढावर त्यांचा गुडघा आखडला आणि सगळ्यांना रिकाम्या हातांनी माघारी यावे लागले. कोठारातली कुड्याची साल तेव्हापासून बरणीच्या तळाला गेली होती. पाऊस सुरू झाला की आसपासच्या गावांत पोटाच्या विकारांची साथ येई, लहान मुले हातपाय गाळून बसत, आणि त्या दिवसांत लोक या बरणीच्या भरवशावर गुरुकुलाचा रस्ता धरत. यंदा साल आणायलाच हवी होती. वैद्यांचा गुडघा काही चढणार नव्हता. म्हणजे जायचे ते त्यांच्या सर्वांत ज्येष्ठ शिष्याने, विश्वंभराने.

विश्वंभर चांगला तिशीचा, कष्टाळू, अभ्यासू. वैद्यांचे त्याच्यावर प्रेम होते, पण त्याच्याबाबत त्यांच्या तोंडी दोन शब्द कायमचे बसले होते. आधी नाडीपरीक्षा पक्की कर, मग बघू. आधी पठारावरच्या वाटा पाठ कर, मग बघू. यंदा चैत्र लागताच त्यांनी त्याला बोलावले आणि म्हणाले, "आधी स्वतःसाठी सुरी निवड. हलकी असू दे, उन्हाच्या चढावर पाठीवरचं मूठभर ओझंसुद्धा जाणवतं. मिटणारी नको. आणि घामेजल्या हातातून निसटता कामा नये. एवढं कर, मग बघू."

विश्वंभर तालुक्याच्या बाजारात गेला आणि पहिल्या खेपेला हातभर लांब, जाड पाठीची सुरी घेऊन आला. वैद्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"रानात वाघ मारायला निघालायस का?"

"वाटलं, वेळप्रसंगी उपयोगी पडेल."

"वेळप्रसंगी हिच्यासाठी एक बैल न्यावा लागेल. परत देऊन ये."

दुसऱ्या खेपेला त्याने एक छोटा, देखणा चाकू आणला. पाते मुठीत मिटत होते. इवलासा होऊन कनवटीला बसत होता. वैद्य म्हणाले, "मिटणारी नको म्हटलं होतं ना? मुळाभोवतीची माती सांध्यात शिरली की हा उघडायचा नाही. आणि जोर लावताना मिटला, तर मूळ राहील बाजूला आणि बोट तुटेल. परत देऊन ये."

तिसऱ्या खेपेला त्याने आणलेली सुरी मात्र खरोखर चांगली होती. पाते तळव्याएवढे, फार पातळ नाही, फार जाड नाही. लोखंड एकसंध, पात्यापासून थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले. मूठ बाभळीच्या लाकडाची, वर सुताची दोरी गच्च गुंडाळलेली. वैद्यांनी पाण्यात हात बुडवून ती धरून पाहिली, अंगणातल्या काटकीवर चालवली आणि म्हणाले, "ही ठीक आहे."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण विश्वंभराने खाली मान घालून म्हटले, "गुरुजी, दुकानदार म्हणतो, पुढच्या आठवड्यात याहून हलका माल येतोय."

वैद्यांच्या वैतागाची सुरुवात इथून झाली.

त्या आठवड्यानंतर विश्वंभराला सुरीवाचून दुसरे काही सुचेना. शिंगाच्या मुठीची एक सुरी आली. ती हलकी होती, पण ओल्या हातात गुळगुळीत लागे. मुठीला भोके पाडून वजन घटवलेली एक आली, तिच्या भोकांत माती अडकत होती. एक इतकी पातळ आली की शतावरीचे मूळ उकरताना पाते वाकले आणि तसेच राहिले. प्रत्येक वेळी तो ती परत करी, पुन्हा बाजार गाठी, आणि संध्याकाळी अंगणात पंचा पसरून त्यावर दोन-तीन सुऱ्या मांडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, यातली कोणती. लोक एकीकडे बोट दाखवत. मग तो म्हणे, हो, पण हिची मूठ पाहा. आपल्यापैकी ज्यांनी साधी चप्पल घेण्यासाठी अख्खी पेठ पालथी घातली आहे, त्यांनी त्याला हसू नये. त्यांनी त्या अंगणात बसून वैद्यांना काय वाटत होते, त्याचा विचार करावा.

वैद्यांना वाटत होते की उठावे आणि सगळ्या सुऱ्या विहिरीत टाकाव्या. वैशाख अर्धा सरला होता. दुपारी डोंगरावर ढग दिसू लागले होते. ओली साल काढली तर ती बरणीत बुरसटते, हे या शहाण्याला ठाऊक नव्हते असे नाही. तरी तो मुठींची चर्चा करत बसला होता. एकदा न राहवून ते म्हणाले, "नाव विश्वंभर, आणि एवढ्याशा लोखंडाचा भार सोसवेना." सगळे हसले. विश्वंभरही ओशाळून हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात गेला.

मग एके सकाळी बाजारातला तो दुकानदारच गुरुकुलात आला. गृहस्थ जाडजूड, घामाने निथळत होता. औषधाला आला असेल म्हणून वैद्यांनी नाडी बघायला हात पुढे केला, तर त्याने दोन्ही हात जोडले.

"वैद्यबुवा, तुमच्या शिष्याला आवरा. मी सुऱ्या विकतो, स्थळं दाखवत नाही. परवा माझी सुरी उचलून शेजारच्या सोनाराकडे गेला, का, तर म्हणे त्याचा काटा नाजूक. सोनारानं गुंजा टाकून तोलून दिली. आता सोनारही मला विचारतो की नवीन माल कधी येतोय."

वैद्यांनी त्याला पाणी दिले, क्षमा मागितली आणि बोळवले. त्या दिवशी त्यांचे जेवणात लक्ष लागले नाही. इतकी वर्षे शिकवून हाती काय आले, तर सोनाराच्या काट्यावर सुरी तोलणारा माणूस. अशाच्या हाती पठार द्यायचे, मागून येणारी मंडळी द्यायची, गावांतल्या आजाऱ्यांची बरणी द्यायची. त्यांना मनापासून वाईट वाटले. अजून कच्चा आहे, त्यांनी स्वतःशी म्हटले. पुढच्या साली मग बघू.

संध्याकाळी विश्वंभर आला आणि त्याने सुरी पुढे ठेवली. सुताची दोरी गुंडाळलेली, बाभळीच्या मुठीची, ती तिसऱ्या खेपेची.

"हीच घेतली गुरुजी. हिच्याहून चांगली नाही मिळाली."

वैद्यांनी सुरी उचलून परत त्याच्या हातात दिली. काही बोलले असते तर ते गुरूला शोभण्यासारखे नसते.

सुरी आली, पण प्रकरण मिटले नाही. आता विश्वंभर तिच्या सेवेला लागला. त्याने तिला कातडी म्यान शिवले. करंजाच्या तेलाने पाते पुसले, बारीक दगडावर धार लावली, पुन्हा पुसले. सुरी कमरेला लावून तो गुरुकुलात वावरू लागला. पण भागीरथीकाकूंनी, म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी, एकदा भोपळा फोडायला ती मागितली, तर त्याने धावत जाऊन त्यांना विळीच आणून दिली. काकूंनी वैद्यांकडे पाहिले. वैद्यांनी आढ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याकडून गाय हंबरू लागली. वैद्य ओसरीवर पहुडले होते. हंबरण्याचा सूर ओळखीचा वाटला नाही म्हणून ते गुडघा धरत उठले. विहिरीजवळच्या खुंटाला बांधलेले वासरू खुंटाभोवती फिरत राहिले होते, दावे आखडत गेले होते, आणि गळ्याला फास बसला होता. त्याची जीभ बाहेर आली होती, पाय घसरत होते. विश्वंभर तिथे आधीच पोहोचला होता. तो वासराजवळ गुडघे टेकून दाव्याची गाठ सोडवत होता. काथ्याची ती गाठ ताणाने दगडासारखी झाली होती. त्याची नखे सोलवटली होती, कपाळावरून घाम ओघळत होता, तो अगदी जिवाच्या आकांताने झटत होता. आणि धार लावलेली सुरी त्याच्या कमरेला म्यानात स्वस्थ होती.

वैद्यांनी ती उपसली आणि दावे कापले. काथ्यात विहिरीकाठची रेती भरली होती, त्यामुळे पाते करकरत गेले. वासरू खाली कोसळले, बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले, आणि शेवटी धडपडत उठून आईच्या पोटाशी गेले.

"सुरी कमरेला होती," वैद्य म्हणाले.

"रेतीनं धार गेली असती गुरुजी. मला वाटलं, गाठ सुटेल."

 सुरी हातात घेऊन वैद्य लंगडत सरळ स्वयंपाकघरात गेले. विश्वंभर मागोमाग. तिथे भागीरथीकाकू लोणच्याच्या कैऱ्यांची रास घेऊन बसल्या होत्या. वैद्यांनी पाट ओढला, बसकण मारली आणि त्या नव्या सुरीने कैऱ्या चिरायला सुरुवात केली. त्यांना चांगले चिरता येत नव्हते. फोडी वेड्यावाकड्या पडत होत्या, रस हातावरून, पात्यावरून, मुठीच्या सुतावर ओघळत होता. रेतीने आधीच खरवडलेल्या लोखंडावर आंबट रस चढला तसे पाते पाहता पाहता काळे पडू लागले. विश्वंभर दाराशी उभा होता. त्याचा हात पुसण्याच्या फडक्याकडे गेला आणि मागे आला.

कैऱ्या झाल्यावर वैद्य उठले. चुलीपाशी सरपण पडले होते. त्यातला एक ओंडका उभा धरून त्यांनी सुरी त्यावर ठेवली, वरून दुसरे लाकूड हाणले आणि त्याच्या चार ढलप्या काढल्या. मग परसात जाऊन तिच्याच टोकाने अनंतमूळ उकरले. एवढे करून त्यांना धाप लागली. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी सुरी शेजारी ठेवली. पाते काळे-निळे झाले होते, टोकाला माती होती, मुठीच्या सुताला कैरीचा वास येत होता.

"गुरुजी, हे कशासाठी?" विश्वंभराने विचारले. 

"आता ती न्यायला योग्य झाली," वैद्य म्हणाले. "तू सोनाराकडे जाऊन तिचं वजन केलंस. काट्यावर ती अख्ख्या बाजारात हलकी असेल. पण तुझ्या हाताला ती इतकी जड झाली होती की एक वासरू मरत होतं आणि तुला ती म्यानातून काढवली नाही. आपण वस्तू जपायला लागलो की तिचं ओझं वाढतं. आता तिच्यावर डाग पडलाय. तिचं नवेपण राखायची चिंता संपली. उद्या कुणाचा दोर कापायचा झाला, तर तुझा हात अडणार नाही. धार जाईल, तर दगड आहे, ती परत लावता येते. वासराचा गळा परत लावता येत नाही."

 विश्वंभर खाली बसला.

"चुकलं माझं. वासराच्या बाबतीत तर फारच चुकलं. पण गुरुजी, मला सुरीचं प्रेम नव्हतं हो. मला धास्ती होती."

"कसली?"

"तिच्यात खोट निघेल याची. नाडीत माझी खोट निघाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, मग बघू. वाटांत निघाली, तेव्हाही म्हणालात. यंदा म्हणालात, सुरी निवड, मग बघू. मी म्हटलं, निदान सुरीत तरी खोट निघू द्यायची नाही. तिसरीच चांगली होती, ते मलाही कळलं होतं. पण तुम्ही नुसतं 'ठीक आहे' म्हणालात. मला वाटलं, ठीकवर भागायचं नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर वैद्यांना बरे वाटले असते, कारण टोमण्याला उत्तर देता येते.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलेही. सांगायला भक्कम कारण होते. आज डोळ्यांदेखत वासरू जात होते आणि हा गाठ सोडवत होता. अशाला पठारावर कसे पाठवायचे? अजून थोडे दिवस जाऊ देत, थोडी समज येऊ दे, मग बघू. शब्द ओठांपर्यंत आले, आणि नेमकी तेव्हा त्यांची नजर शेजारच्या काळ्या पात्यावर गेली.

इतके दिवस त्यांनी शिष्यावर जो वैताग काढला, त्याला आता जायला दुसरी जागा राहिली नाही. सगळ्या वाटा फिरून तो त्यांच्याकडेच आला. पंचा पसरून सुऱ्या मांडणाऱ्या विश्वंभराचा त्यांना राग येत होता. आणि ते स्वतः हा शिष्य उन्हाळ्यामागून उन्हाळे हातात घेऊन फिरवून पाहत होते, तेल लावत होते, धार लावत होते, आणि म्यानात ठेवत होते. का, तर पठारावर तो चुकेल. तो चुकला तर लोक म्हणतील, वैद्यांचा शिष्य. आखडलेला गुडघा त्यांनी मान्य केला होता, पण कमरेची सुरी मनातून सोडली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि आपण म्हातारे झालो आहोत हेही त्याच क्षणी पहिल्यांदा नीट जाणवले.

आतून भागीरथीकाकूंनी हाक दिली. "वैद्यबुवा, चिरायचं झालं असेल तर ती सुरी धुऊन ठेवा कुठेतरी. आणि या फोडी काय लोणच्याच्या आहेत का?"

वैद्यांनी सुरी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि मूठ पुढे करून विश्वंभराला दिली.

"उद्या पहाटे निघ. आधी कुडा बघ, मग बाकीचं. ढग अजून लांब आहेत."

विश्वंभराला क्षणभर कळेना. "आणि माझ्या हातून तिथं काही चुकलं तर?"

"चुकेल. मीही चुकत होतो. परत आलास की सांग."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या सुमाराला मंडळी निघाली. विश्वंभर पुढे होता. म्यान त्याने घेतले होते, पण त्याचा बंद मोकळा सोडला होता. फाटकापाशी एकाच्या गाठोड्याचा दोर एका फांदीत अडकला, तेव्हा त्याने थांबून एकदा पाहिले आणि दोर कापला. वैद्य ओसरीवरून बघत होते. दुसऱ्या ओढ्यापाशी डावीकडची वाट धर, हे सांगायचे राहून गेले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यांनी ती गिळली, कारण ती वाट विश्वंभराला पाठ होती, आणि हे त्यांना कधीचे ठाऊक होते.

मंडळी दिसेनाशी झाल्यावर ते कोठारात गेले, कुड्याच्या सालीची रिकामी बरणी त्यांनी स्वतः विहिरीवर नेऊन धुतली आणि उन्हात पालथी घातली.

आपणही कोणाला तरी 'मग बघू' म्हणून म्यानात ठेवलेले असते. त्याचे नाव आज एकदा आठवून पाहावे.